माझ्याच फोल्डरचं परमिट

मी स्वतः टाइप केलेल्या फाइलमध्ये तीन शब्द वाढवायचे होते, म्हणून मी एकदा सासऱ्यांपुढे वही धरून उभी होते. वहीत नाव, कारण, काम सुरू, काम बंद आणि सही असे रकाने आखलेले होते. कारणाच्या रकान्यात मी ‘शब्द वाढवणे’ असं लिहिलं होतं. बाबांनी चष्मा नाकावर ओढला, ते दोन शब्द दोनदा वाचले आणि विचारलं, ‘‘किती शब्द?’’ ही हकीकत मी हसत हसत सांगायला घेते, पण दुसऱ्या वाक्यापर्यंत माझा आवाज चढलेला असतो. मुलगी म्हणते, आई, नको सांगूस, तुझं बीपी वाढतं. वाढू दे.

आमचं घर उमरोळीला. घरात मी, नवरा आणि बाबा. सासूबाई जाऊन बरीच वर्षं झाली. मुलगी पुण्याला वसतिगृहात शिकते. तिच्या ऑनलाइन शाळेच्या काळात आम्ही एक कॉम्प्युटर घेतला होता. ती पुण्याला गेली आणि तो पुढच्या खोलीत टीव्हीशेजारी राहिला. तो सगळ्यांचा झाला, आणि त्यावर सत्ता बाबांची.

बाबा तारापूरच्या एका केमिकल कारखान्यात नोकरी करून निवृत्त झाले, शेवटची काही वर्षं शिफ्ट इन्चार्ज म्हणून. त्यांच्या शिफ्टमध्ये कोणाचं बोटसुद्धा कापलं गेलं नाही, हे ते आल्यागेल्याला सांगतात, आणि ते खरं आहे. तिथे परमिट लिहिल्याशिवाय कोणी पानासुद्धा उचलायचा नाही. कोण काम करणार, कुठे, किती वेळ, सगळं कागदावर. निवृत्तीनंतर घरात त्यांना लक्ष ठेवायला दुधाच्या पिशव्या आणि पाण्याचा पंप एवढंच उरलं होतं. कॉम्प्युटर आला आणि त्यांच्या हाताला काम लागलं. नातीकडून शिकून त्यांनी प्रत्येकाचं वेगळं लॉगिन केलं, स्वतःला अॅडमिन केलं आणि पासवर्ड कोणालाच सांगितला नाही. तेव्हा मला त्यांचं कौतुक वाटलं होतं. सत्तरी ओलांडलेला माणूस हे सगळं शिकतोय, म्हणून मी शाळेतसुद्धा सांगत सुटले होते.

शाळा माझी वाणगावच्या पूर्वेला, डोंगराच्या पायथ्याच्या एका पाड्यावर. स्कूटरने पाऊण तास. पहिली-दुसरीचा वर्ग माझ्याकडे. पुस्तकात ‘आजोबा’ असं लिहिलेलं असायचं आणि मुलं एकमेकांकडे बघायची, कारण घरी ती आजोबांना डोसा म्हणतात. चित्र ओळखीचं, शब्द परका. मग मूल गप्प बसतं, आणि गप्प बसलेल्या मुलाला आपण मठ्ठ म्हणून मोकळे होतो. मीही म्हटलंय, सुरुवातीच्या वर्षांत. नंतर मला त्याची लाज वाटायला लागली आणि मी मुलांचे शब्द लिहून घ्यायला लागले. त्यांचा शब्द वर, पुस्तकातला खाली, शेजारी चित्र. मुलांकडून, त्यांच्या आयांकडून फोनवर बोलणं रेकॉर्ड करायचं आणि घरी येऊन ऐकत ऐकत टाइप करायचं. चार वर्षं हे चाललं होतं. ते सगळं माझ्या लॉगिनमधून मी केलेल्या ‘शाळा’ नावाच्या फोल्डरमध्ये होतं.

त्या वर्षी त्याची पुस्तिका करायची असं मी ठरवलं. दिवाळीआधी नाही जमलं तरी दिवाळीच्या सुट्टीत नक्की. याला कारण होतं. भात झोडून झालं की पाड्यावरची निम्मी घरं वीटभट्ट्यांवर जातात, पोरांना घेऊन. न्यायला भट्टीवाल्याचा टेम्पो कधी येईल ते कोणाला माहीत नसतं. आला की तासाभरात घर बंद. मग ती मुलं जूनपर्यंत शाळेचं तोंड बघत नाहीत. पहिलीत कसंबसं अक्षर ओळखायला लागलेलं मूल परत येतं तेव्हा पाटी कोरी. त्यांच्याबरोबर त्यांच्याच शब्दांची एक पुस्तिका गेली, तर भट्टीवरच्या झोपडीत ती उघडली जाईल, निदान चित्रं बघायला तरी. एवढंच मला हवं होतं. टेम्पोच्या आधी पुस्तिका त्यांच्या हातात.

आता घरातल्या गोंधळाची सुरुवात कुठून झाली, तर माझ्यापासूनच झाली, हे सांगितलंच पाहिजे. गणपतीला नणंदेचं कुटुंब आलं होतं, चुलत दीर-जावा आल्या होत्या. प्रत्येकाला कोणाच्या तरी फोनमधले फोटो हवे, मग कॉम्प्युटर दिवसभर चालू. गौरी-गणपती गेले आणि माझं फोल्डर दिसेना. बाबांनी दोन तास शोधून ते ‘केळवे पिकनिक’ नावाच्या फोल्डरच्या पोटातून काढलं. कोणीतरी फोटो ओढताना तेही ओढलं होतं. कोणी ते कळलं नाही, आमच्या घरात असं कधीच कळत नाही. मी बाबांना हात जोडून म्हटलं, ‘‘बाबा, याचा कायतरी बंदोबस्त करा.’’

‘‘बाय, तू नको काळजी करू,’’ ते म्हणाले. ‘‘आता बिनपरमिटचा कायच चालणार नाय.’’

मला वाटलं, बोलायची पद्धत. दुसऱ्या दिवशी टीव्हीशेजारी दोरी बांधलेली वही लटकत होती. सगळी फोल्डर सगळ्यांना फक्त वाचायला. ज्याला काही बदलायचं त्याने वहीत लिहायचं, बाबा सही करणार आणि ठरल्या वेळेपुरती बदलायची परवानगी देणार. वेळ संपली की परवानगी काढून घेणार. आणि पेन ड्राइव्ह अजिबात लावायचा नाही, त्यातून व्हायरस येतो. घरातले सगळे पेन ड्राइव्ह त्यांनी गोळा केले आणि एका डब्यात घालून देव्हाऱ्याखालच्या कपाटात ठेवले.

नवऱ्याने वहीत एकदाही लिहिलं नाही. त्याला गाणी हवी होती, ती तो फोनवर ऐकायचा. म्हणजे वही होती ती एकट्या माझ्यासाठी. शाळेतून यायचं, स्वयंपाकाचं बघायचं आणि मग परमिट लिहायचं. संध्याकाळी सात ते आठ. आठ वाजून एक मिनिट झालं की बाबा मागे येऊन उभे. ‘‘काम बंदची सही कर.’’ माझं वाक्य अर्धवट असायचं. मी म्हणायचे, बाबा, पाच मिनिटं. ते म्हणायचे, ‘‘आमच्या प्लांटात पाच मिंटातच अॅक्सिडन होतात.’’ शब्दांच्या यादीत कसला अपघात होणार होता, कोणाचा हात जाणार होता, हे विचारायची माझी तेव्हा हिंमत झाली नाही. सून म्हणून वीस वर्षं आवाज न चढवण्याची जी सवय लागलेली असते, ती असल्या वेळी नेमकी आड येते. मला माझाच राग येतो तो याच जागी.

नवऱ्याला सांगितलं. तो बोईसरच्या एका कंपनीत आहे, शिफ्टने दमून येतो. म्हणाला, ‘‘त्यांचा वेळ जातो ना बरा? तुझं काय बिघडतं एका सहीनं?’’ माझं काय बिघडतं! चार वर्षांचं काम माझं, शब्द पाड्यावरच्या पोरांचे, टेम्पो दारात यायची वेळ झालेली, आणि सही टाइमपास म्हणून. त्या दिवशी मी भाजीत मीठ घातलं नाही. मुद्दाम.

तरीही काम पुढे सरकत होतं. दिवाळीच्या तोंडाशी फक्त शेवटची चार पानं राहिली होती. बोईसरला स्टेशनजवळच्या झेरॉक्सवाल्याशी बोलून ठेवलं होतं. आणि वसुबारसेच्या आदल्या दिवशी बाबांनी ठरवलं, की दिवाळीत पुन्हा पाहुणे येणार, तर गणपतीसारखा घोळ नको. पाहुणे असेपर्यंत सगळं पूर्ण बंद. त्यांनी घरच्या सगळ्या फोल्डरांवर ‘एव्हरीवन’ या नावापुढे मनाईच्या खुणा केल्या. सगळ्यांना मनाई. वाचायलाही, बदलायलाही, उघडायलाही.

त्यांनी तसं का केलं, हे मला नंतर कळलं, आणि ते कळल्यावर मला हसावं की डोकं आपटावं ते समजेना. कारखान्यात धोक्याचा भोंगा झाला की सगळ्यांनी बाहेर पडायचं असतं. सगळे म्हणजे सगळे. पण शिफ्ट इन्चार्ज आत थांबतो, व्हॉल्व्ह बंद करायला. उभी हयात ‘सगळे’ या शब्दात बाबांनी स्वतःला कधी धरलंच नव्हतं. कॉम्प्युटरच्या ‘सगळ्यां’तही आपण नसणारच, असं त्यांनी गृहीत धरलं. कॉम्प्युटरने मात्र त्यांनाही धरलं. अॅडमिनसकट सगळे बाहेर, आणि आत व्हॉल्व्ह बंद करायला कोणीही नाही.

संध्याकाळी मी वही घेऊन गेले तेव्हा बाबा पडद्याकडे बघत बसले होते. फोल्डरवर क्लिक केलं की परवानगी नाही, अशी पाटी यायची. त्यांनी पुन्हा क्लिक केलं. पुन्हा पाटी.

‘‘उद्या होईल,’’ ते म्हणाले. ‘‘सिस्टीम गरम झाली हाय.’’

उद्या झालं नाही. परवा झालं नाही. पाहुणे आले, फराळ झाला, भाऊबीज झाली, आणि बाबा रोज सकाळी अंघोळ करून कॉम्प्युटरपुढे बसायचे. मी पाड्यावरच्या एका मुलाच्या आईला रोज फोन लावायचे. ती म्हणायची, ‘‘आज नाय आला टेम्पो, बाई. पन येल.’’ देव्हाऱ्याखालच्या डब्यात माझा एक पेन ड्राइव्ह होता, पण त्यात होतं ते उन्हाळ्याच्या सुट्टीतलं, निम्म्याहून कमी. फोनमधली रेकॉर्डिंगं मी कॉम्प्युटरवर टाकून पुसत आले होते, फोन भरतो म्हणून. माझी अक्कल.

मी म्हटलं, बोईसरहून दुरुस्तीवाल्याला बोलवू. बाबा ताडकन म्हणाले, ‘‘माज्या शिफ्टला बाहेरच्या फिटरला मी कदी हात लावू दिला नाय.’’ मी म्हटलं, मग मी बसते, मुलीला फोनवर विचारून बघते. तिची परीक्षा आहे, पण अर्धा तास देईल. ‘‘तू हात लावू नको, बाय. आनखी बिगडंल.’’ आणि मी हात लावला नाही. नऊ दिवस. हे लिहितानाही माझी कानशिलं तापतात.

आठव्या दिवशी नवऱ्याने चहा पिता पिता एक गोष्ट सांगितली. मला शांत करायला सांगितली असावी. कारखान्यात मोठ्या मशीनच्या आत शिरून काम करायचं असेल, तर आधी स्विच बंद करून त्याला कुलूप लावतात. ते कुलूप शिरणाऱ्यानेच लावायचं, त्याचं स्वतःचं, आणि किल्ली त्याच्याच खिशात. बाहेरून दुसऱ्या कोणी, मॅनेजरनेसुद्धा, ते लावायचं नाही की काढायचं नाही. ‘‘बाबा यात फार कडक होते,’’ तो म्हणाला. ‘‘एकदा साहेबाने दुसऱ्याचं कुलूप काढायला सांगितलं तर बाबा त्याच्याशी भांडले होते.’’ मी कप खाली ठेवला. मला त्या क्षणी जे वाटलं ते मी नवऱ्याला बोलून दाखवलं, आणि ते इथे लिहिण्यासारखं नाही.

नवव्या दिवशी बाबा हयातीचा दाखला द्यायला पालघरला गेले. फाटकाबाहेर त्यांची रिक्षा वळली आणि मी मुलीला फोन लावला. तिने मला एकेक खिडकी उघडायला लावली. प्रॉपर्टीज. सिक्युरिटी. अॅडव्हान्स्ड. ‘‘आई, वर ओनर लिहिलंय बघ. तिथे कोणाचं नाव आहे?’’

माझं होतं. माझं लॉगिन.

‘‘मग झालं की. फोल्डर तू केलंस, म्हणून ओनर तू. ओनरला कितीही मनाई केली तरी परवानग्या त्याला बदलता येतात. ती मनाईची ओळ काढून टाक.’’

‘‘मला चालेल?’’ मी विचारलं. काय विचारलं मी! माझ्याच घरात, माझ्याच फोल्डरसाठी, पोटच्या मुलीला.

‘‘पहिल्या दिवसापासून चाललं असतं, आई.’’

मी ओळ काढली. फोल्डर उघडलं. सगळं जागच्या जागी होतं, एक अक्षर हललेलं नव्हतं. मी तशीच बसून उरलेली चार पानं पुरी केली, देव्हाऱ्याखालून माझा पेन ड्राइव्ह काढला, दोरीची वही खिळ्यावरून ओढून काढली आणि स्कूटर बोईसरला काढली. झेरॉक्सवाल्याने पानं बघितली. ‘‘मॅडम, ये कौनसी भाषा है?’’ मी म्हटलं, इथलीच आहे. संध्याकाळपर्यंत त्याने सगळ्या प्रती पिना मारून दिल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाड्यावर पोचले तेव्हा टेम्पो आदल्या दुपारी येऊन गेला होता. मी झेरॉक्सच्या दुकानात उभी होते, त्याच वेळी. ती रोज फोन उचलणारी आईसुद्धा गेली होती. तिचा फोन बंद. दारांना बाहेरून काठ्या अडकवलेल्या होत्या. माझ्या पहिलीच्या वर्गातली सहा मुलं राहिली होती. त्यांना पुस्तिका दिल्या. बाकीच्या पिशवीत घालून परत घरी आणल्या.

त्या संध्याकाळी मी बाबांवर ओरडले. लग्न होऊन आल्यापासून पहिल्यांदा, आणि शेजारच्या वाडीत ऐकू जाईल इतक्या मोठ्याने. पिशवी त्यांच्यापुढे पालथी केली. मी म्हटलं, ‘‘तुमच्या प्लांटात मशीनमध्ये माझा हात असता, तर कुलूप कोणी लावलं असतं, बाबा? तुम्ही की मी?’’

एक पुस्तिका उचलून त्यांनी ती उलटसुलट बघितली.

‘‘एव्हरीवनमदी मी बी येतो, हे मला काय ठाव,’’ ते म्हणाले.

‘‘तुम्ही येता की नाही, तो तुमचा प्रश्न. मला त्यात घालताना मला विचारलं का?’’

नवरा मधे पडायला उठला. मी त्याच्याकडे एकदा बघितलं आणि तो बसला. बाबांनी दुसऱ्या दिवशी अॅडमिनचा पासवर्ड एका चिठ्ठीवर लिहून माझ्या पर्सवर ठेवला. मी तो बदलला. आता माझ्या फोल्डरमध्ये त्यांना वाचायची परवानगी आहे, बदलायची नाही. ते दुपारी ती यादी उघडून वाचत बसतात, असं नवरा सांगतो. लोक मला म्हणतात, म्हातारा माणूस, मनावर घेऊ नकोस, हेतू चांगला होता. हेतू चांगलाच होता. मी नाही म्हणतच नाही. त्या चांगल्या हेतूने नऊ दिवस खाल्ले, आणि ते नऊ दिवस माझे नव्हते, पाड्यावरच्या पोरांचे होते. माझं काय, माझा पगार दर महिन्याला चालूच होता.

जूनमध्ये मुलं परत आली. उन्हाने रापलेली, उंच झालेली. त्यात एक मुलगी होती. दिवाळीआधी ती अक्षरं जोडून आख्खी ओळ वाचायला लागली होती. वर्गात पहिली तीच. पुस्तिकेतलं एक पान तिच्यामुळे झालं होतं. मी ‘वडील’ शिकवत होते तेव्हा उभी राहून ती म्हणाली होती, ‘‘बाई, आमी बाहास म्हनतो,’’ आणि फळ्यावर येऊन तिने तो शब्द स्वतःच्या हाताने लिहिला होता.

मी तिला तिची पुस्तिका दिली, सात महिने कपाटात पडलेली. तिने ते पान उघडलं, चित्रातला डोक्यावर विटा घेतलेला माणूस बघितला आणि हसून म्हणाली, ‘‘बाहास.’’ मी चित्रावर हात ठेवला आणि शब्दावर बोट टेकवलं. आता हे वाच, म्हटलं. ती त्या तीन अक्षरांकडे बघत राहिली. मग मान वाकडी करून, माझ्या हाताखालून चित्र दिसतंय का, ते बघायला लागली.